इंग्रजीच्या तासाला वीर आणि राक्षस



आपल्या राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांतून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, तो २००० सालापासून. त्यास आता पाव शतक लोटले. या अवधीत पाठ्यपुस्तके बदलली, प्रशिक्षणे झाली, भिंतींवर इंग्रजी तक्ते लागले. तरीही शाळाभेटीच्या वेळी एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. तिसरी-चौथीतील मूल इंग्रजी कविता हातवाऱ्यांसह खणखणीत म्हणते, फळांची व प्राण्यांची नावे न अडखळता सांगते, स्पेलिंगही बिनचूक लिहिते. परंतु त्याच्या मनातील एखादे साधे वाक्य इंग्रजीत सांगण्यास म्हटले की ते शिक्षकांच्या तोंडाकडे पाहू लागते. त्याच्यापाशी शब्द नाहीत असे नव्हे. पण ‘धिस इज अ पेन’ हे वाक्य ज्याला सांगावयाचे त्यालाही समोरचे पेन दिसतच असते. मग सांगावयाचे तरी कशासाठी? ज्याला सांगण्यासारखे काही नाही, त्याने बोलावे अशी अपेक्षा आपण करीत असतो.

या अबोलपणाची किंमत आपल्या शाळांस मोजावी लागत आहे. सकाळी गावाच्या फाट्यावर येणाऱ्या पिवळ्या गाडीत बसून आपल्या गावची मुले शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. त्या शाळांतील अध्यापन आपल्याहून चांगलेच असते असे मला वाटत नाही. परंतु शेतमजुरी करणारा बापसुद्धा पदरमोड करून फी भरतो, ती आपल्या मुलाने चार माणसांत चार वाक्ये इंग्रजीत बोलावीत या एका आशेने. ती आशा जिल्हा परिषदेच्या शाळेतही पुरी होऊ शकते, हे त्याला कानांनी ऐकावयास मिळाले पाहिजे.

त्यासाठी एक उपक्रम सुचवावयाचा आहे. मुलांनी स्वतःच्या कल्पनेने एक अचाट वीर निर्माण करावा, त्याच्यासमोर एक दुष्ट उभा करावा आणि त्या दोघांची गोष्ट इंग्रजीत सांगावी. मुले यांना ‘सुपरहिरो’ आणि ‘व्हिलन’ म्हणतात. आपणही तासाला तेच शब्द वापरावे, त्यात कमीपणा नाही. या खेळाचा मोठा गुण असा की, येथे मूलच त्या वीराचा निर्माता असल्यामुळे त्याची माहिती वर्गात दुसऱ्या कोणासही नसते. आपला वीर काय करू शकतो, हे मुलाने सांगितल्यावाचून शिक्षकांनाही कळणार नाही. सांगण्यास कारण मिळाले की मूल मोडक्यातोडक्या शब्दांनी का होईना, सांगू लागते.

ही कल्पना परदेशातून आणावी लागते असे कोणी समजू नये. आपले एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी आपल्याकडील परंपरा आहे. देशातील आणखीही काही गावे हा मान आपलाच म्हणून सांगतात. त्या वादात शिक्षकाने पडू नये. गावात पांडववाडा आहे, पद्मालयाजवळ भीमकुंड आहे, आणि भीमाने बकासुरास येथेच मारले हे आपल्या मुलांनी आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. ही कथा आदिपर्वात ज्या रीतीने आली आहे ती एकदा शिक्षकाच्या दृष्टीने पाहावी. गोष्ट कशी रचावी याचा धडा तिच्यात तयार आहे.

लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणवेषात एका ब्राह्मणाच्या घरी राहतात. भीमाचे बळ लपलेले असते. गावाच्या दृष्टीने तो भिक्षेवर जगणारा एक खादाड ब्राह्मण. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी रचलेला ‘सुपरमॅन’ १९३८ साली चित्रकथेच्या मासिकातून लोकांपुढे आला, तोही एरवी चष्मा लावणारा, भिडस्त असा वार्ताहर असतो. ते दोघे तरुण स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील होते. हा वेषांतराचा धागा मुलांस फार आवडतो, कारण प्रत्येक मुलास वाटत असते की, लोकांना दिसतो त्याहून मी निराळा आहे.

आता बकासुराकडे पाहू. तो नुसता माणसे खाणारा नाही. त्याचा गावाशी करार आहे. राजा दुर्बळ असल्यामुळे शत्रूंपासून त्या प्रदेशाचे रक्षण बकासुर करतो, आणि त्याबद्दल त्याला पाळीपाळीने एक गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यावा लागतो. म्हणजे दुष्टाला हेतू आहे, नियम आहे. एवढेच नव्हे, तर त्याच्या बाजूने बोलण्यासारखेही थोडे आहे. यजमान ब्राह्मणाच्या घरावर पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. इतक्यात अजून नीट बोलताही न येणारा धाकटा मुलगा गवताची एक काडी उचलतो आणि म्हणतो की, या काडीने मी त्या राक्षसाला मारीन. त्या दुःखातही घरच्या माणसांना हसू येते. मला विचाराल तर त्या सबंध कथेतील पहिला अचाट वीर हाच. भीमाचा प्रवेश त्यानंतरचा.

हा प्रसंग प्रथम मुलांस सांगावा. आणि तो मराठीत, किंबहुना घरच्या अहिराणीत सांगावा. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीवाचून दुसरा शब्द उच्चारू नये, असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. आपल्या गावांपुरते तरी मला ते मान्य नाही. ज्या मुलाला शाळेची मराठीच दुसरी भाषा वाटते, त्याच्यावर तिसऱ्या भाषेत एकदम कल्पना करण्याचा भार टाकला तर तो गप्प बसतो. गोष्ट आधी ज्या भाषेत मनात उमटते त्या भाषेत उमटू द्यावी, मग तिची वाक्ये एकेक करून इंग्रजीत आणावीत.

अहिराणीचा दुसराही एक उपयोग आहे. ‘ही गो’, ‘ही फ्लाय’ अशी चूक मुले नेहमी करतात. क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘झ’ त्यांच्या ध्यानात राहत नाही. अहिराणी बोलणाऱ्या मुलास सांगावे : तू घरी ‘तो जास’, ‘तो उडस’ म्हणतोस ना? इंग्रजीतही त्याच्या क्रियापदाच्या शेवटी तसाच आवाज येतो, ‘ही गोज’, ‘ही फ्लाइज’. फरक इतकाच की, अहिराणीत ‘मी जास’ असेही चालते. इंग्रजी मात्र हा आवाज ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’ यांच्यासाठीच राखून ठेवते. हा भाषाशास्त्राचा सिद्धांत नव्हे, लक्षात ठेवण्याची युक्ती आहे.

‘ही’ आणि ‘शी’ यांचा घोटाळा मात्र निराळा. आपल्या मुलाच्या कानाला ‘ही’ म्हणजे ही मुलगी, ही गाय. इंग्रजी ‘ही’ पुरुषासाठी आहे हे त्याला उलटेच वाटते. ‘शी’ म्हटले की वर्गात हशा पिकतो, त्याचे कारण सांगावयास नको. एकदा मनसोक्त हसू द्यावे. नंतर वर्गात निम्मे वीर पुरुष आणि निम्म्या वीरांगना असतील असे पाहावे. ‘शी कॅन फ्लाय, शी कॅन स्टॉप अ ट्रेन’ असे दहा वेळा बोलले गेले की त्या शब्दाचे हसू आपोआप ओसरते. मुलींनाही नायिका रचण्यास मुद्दाम सांगावे लागते. न सांगितल्यास त्यादेखील पुरुष वीरच रचतात, असे दिसून येते.

वीराची रचना करताना त्याला काय येते याबरोबरच त्याला काय येत नाही, हे अवश्य ठरवावे. ‘कॅन’ आणि ‘कॅनॉट’ या दोन शब्दांवर पहिला तास सहज निघतो. सगळेच येणारा वीर गोष्टीला निरुपयोगी, कारण तो आला की गोष्ट संपली. सुपरमॅनलाही एका हिरव्या दगडापुढे हतबल व्हावे लागते. आमच्या तालुक्यातील एका शाळेत चौथीतील एका मुलीने अशी नायिका रचली की, तिने हापशाच्या दांड्यास तीन वेळा हात लावला की कोरड्या हापशास पाणी येते. परंतु तिला अंधाराची भीती वाटते. ‘शी कॅन ब्रिंग वॉटर. शी कॅनॉट गो इन द डार्क.’ पाणी मात्र गावाला पहाटेच लागते! या दोन वाक्यांतच गोष्ट आहे, हे त्या वर्गातील मुलांना लगेच कळले.

शक्ती कोठून आणाव्यात? मुलांना मोकळे सोडले तर ती दूरदर्शन संचावर व मोबाइलवर पाहिलेलेच वीर परत आणतात. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाला, तेव्हा सगळ्या शाळांतून शक्तिमानच गरगर फिरत होते. आज नावे बदलली आहेत एवढेच. त्यास मनाई करू नये. मात्र एक अट घालावी : तुझ्या वीराची शक्ती आपल्या शिवारात सापडणाऱ्या वस्तूतून आली पाहिजे. मग उत्राणकडील मुलांस लिंबाच्या बागा आठवतात आणि दुष्टाच्या डोळ्यांत रस पिळणारा ‘लेमन बॉय’ जन्मास येतो. कोणी ‘कॉटन गर्ल’ करतो, ती कापसासारखी हलकी होऊन वाऱ्यावर जाते. दोन नामे जोडून इंग्रजीत नवे नाव कसे होते, हेही येथे विनासायास शिकविले जाते.

ज्या मुलास काहीच सुचत नाही, त्याच्यासाठी इटलीतील बालसाहित्यकार जानी रोदारी यांनी सांगितलेली एक रीत उपयोगी पडते. त्यांनी १९७३ साली गोष्टी रचण्याच्या कलेवर शिक्षकांस उपयुक्त असे पुस्तक प्रसिद्ध केले. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवावेत, म्हणजे मन आपण होऊन त्यांच्यात संबंध जुळवू लागते, असे त्यांचे सांगणे. चिठ्ठ्यांवर शब्द लिहून डब्यात टाकावे आणि मुलाने दोन उचलावेत. ‘बकेट’ आणि ‘टायगर’ निघाले तर बादलीत वाघ कसा मावला, येथून आरंभ होतो.

दुष्टाच्या रचनेस मी वीरापेक्षा अधिक वेळ द्यावा असे म्हणेन, आणि शिक्षकाची खरी कसोटी येथेच आहे. मुलांना ‘दुष्ट काढा’ म्हटले की ती काळा रंग घेतात. त्याचा एक पाय लंगडा करतात, डोळा तिरळा करतात, त्याला तोतरे बोलावयास लावतात. कधी त्याला एखाद्या वस्तीचे, जातीचे किंवा धर्माचे नाव देतात. मुलांच्या मनात वैर असते असे नव्हे. मोठ्यांच्या बोलण्यातून व सिनेमातून ते झिरपलेले असते. परंतु त्याच वर्गात सावळ्या रंगाची मुलगी बसलेली असते, पोलिओने पाय अधू झालेल्या माणसाचा नातू बसलेला असतो, गावाबाहेरच्या भिल्लवस्तीतून येणारे मूल बसलेले असते. वर्ग हसला की ते मूल मान खाली घालते. इंग्रजी वाक्याच्या मोबदल्यात ही किंमत देण्याचा आपणास अधिकार नाही.

म्हणून आरंभीच नियम सांगावा : दुष्ट त्याच्या कृत्यावरून ओळखला जाईल, शरीरावरून नव्हे आणि कुळावरून तर नव्हेच. राक्षस म्हणजे वाईट, असे एखादे मूल म्हणेल. त्याला विचारावे की, हिडिंबा कोण होती? बकासुराच्या कथेच्या लगतच आधी आदिपर्वात हिडिंबेची कथा येते. ती राक्षसी, पण तिने पांडवांस सावध केले, भीमाशी विवाह केला, आणि तिचा मुलगा घटोत्कच पुढे पांडवांच्या बाजूने लढता लढता पडला. ज्याने एका राक्षसाला मारले तोच भीम एका राक्षसपुत्राचा बाप आहे. एवढे सांगितले की पुष्कळ होते. यावर प्रवचन करू नये.

कृत्यावरून दुष्ट ठरवावयाचा म्हटल्यावर इंग्रजीतील ‘वाँट्स’ आणि ‘बिकॉज’ हे दोन शब्द हाताशी येतात. ‘ही वाँट्स ऑल द वॉटर बिकॉज ही इज ऑलवेज थर्स्टी.’ दुष्टाला काय हवे आणि का हवे, हे मुलाने सांगितल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये. ‘का’ला उत्तर शोधताना मुले आपल्या भोवतालचे जग वर्गात आणतात. २०१७ साली राज्यात कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रकोप झाला. अळी आत शिरते, बोंड बाहेरून हिरवेगार दिसते, आणि आतील कापूस मात्र गेलेला असतो. शेतकऱ्याच्या मुलाला यापरते भयंकर वेषांतर दुसरे कोणते? ‘पिंक वर्म’ हा दुष्ट त्यामुळे आपल्याकडील मुलांना चटकन उमगतो. नदीची वाळू रात्रीतून खाणारा राक्षस, पाऊस पोत्यात भरून ठेवणारा, शाळेला कुलूप घालणारा, असेही पुढे येतात. २०२० साली शाळा बंद राहिल्या, तो काळ थोरल्या मुलांच्या अजून आठवणीत आहे.

पाचवीच्या पुढील मुलांस वरदानाचा खेळ द्यावा. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, हे सर्वांस ठाऊक असते. ‘ही कॅनॉट डाय बाय डे. ही कॅनॉट डाय बाय नाइट.’ एका गटाने आपल्या दुष्टासाठी अशी चार वाक्ये करावी आणि दुसऱ्या गटाने त्यांतील फट शोधावी. ‘इव्हिनिंग!’ असे ओरडणारा मुलगा एक शब्दच बोलला असला, तरी तो चार वाक्ये नीट समजला म्हणूनच बोलला.

आता गोष्ट. बहुतेक मुलांची पहिली गोष्ट अशी असते : ‘हिरो केम. व्हिलन डाइड.’ मधला भाग नाहीच. यावर उपाय म्हणून एकच बंधन पुरे होते : वीराचे पहिले दोन प्रयत्न फसले पाहिजेत. भीमसुद्धा गेल्याबरोबर बकासुराला मारीत नाही. तो राक्षसासाठी आणलेला भात स्वतःच खात बसतो. राक्षस पाठीवर गुद्दे मारतो तरी जेवण चालूच. मुलांना हा भाग अतिशय प्रिय असतो, आणि गोष्ट रंगते ती या थांबण्यामुळेच. शिक्षकाने मधूनमधून ‘देन?’ आणि ‘बट?’ एवढेच विचारावे. ‘बट द व्हिलन सॉ हिम. बट द रोप ब्रोक.’ भूतकाळाची रूपे मुलाला त्या क्षणी हवी असतात. मागेल तसतशी फळ्याच्या कडेला लिहून द्यावी. तक्त्यावरून पाठ केलेले रूप विसरले जाते, मागून घेतलेले सहसा नाही.

दुष्टाला ठार मारलेच पाहिजे असे नाही. आदिपर्वात बकासुर मेल्यावर त्याचे इतर आप्त भयभीत होऊन बाहेर येतात. भीम त्यांना मारीत नाही. यापुढे माणसांस उपद्रव देणार नाही असे त्यांच्याकडून कबूल करून घेतो. ‘वी विल नॉट ईट पीपल.’ भविष्यकाळाचा हा पाठ तयारच आहे. दुष्टाने शेवटी काय वचन दिले, ते प्रत्येक गटाला विचारावे.

चुका दुरुस्त कधी कराव्यात, हा प्रश्न शिक्षण परिषदेत हमखास निघतो. मूल सांगत असताना मुळीच नाही. ‘ही goed’ सारखे रूप त्याच्या तोंडून गेले तर आपण पुढच्या प्रश्नात ‘येस, ही वेंट. देन?’ एवढे म्हणावे. गोष्ट संपल्यावर सर्वांच्या मिळून तीन चुका, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर घ्याव्यात. दहा घेऊ नयेत. आणि शिक्षकांना स्वतःच्या इंग्रजीची जी धास्ती वाटते, तिच्याबद्दल एवढेच सांगतो की, या उपक्रमास वर आलेले दहा-पंधरा शब्द आणि एक शब्दकोश पुरतो. एखादा शब्द आपणासही ठाऊक नसेल तर मुलांसमक्ष कोश उघडावा.

द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र असतात. तेथे पहिली-दुसरीच्या मुलांनी जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर चित्र काढून त्यातील वस्तूंची इंग्रजी नावे सांगावी, तिसरीच्या मुलांनी ‘कॅन’ व ‘कॅनॉट’ची वाक्ये करावी आणि चौथीने गोष्ट जोडावी. एका गटात चारही इयत्तांचे एकेक मूल असले की काम सुरळीत चालते. आठवड्यास दोन तास धरले तर तीन आठवड्यांत एक गोष्ट पुरी होते. घाई करू नये.

पुऱ्या झालेल्या गोष्टी जपून ठेवाव्यात. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आपल्याच जिल्ह्यात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत. आपणास रोज जमणार नाही. वर्षातून दोनदा मुलांच्या हस्ताक्षरातील गोष्टी शिवून एक पुस्तिका करता येईल, आणि ती केंद्रातील दुसऱ्या शाळेस वाचावयास देता येईल. पुस्तिकेत चुका राहिल्या तरी चालतील. मात्र प्रत्येक गोष्टीखाली मुलाचे नाव असावे.

पालकसभेत कविता म्हणवून घेण्याऐवजी एका मुलास आपल्या वीराची ओळख करून द्यावयास उभे करावे आणि पालकांनीच त्याला मराठीत किंवा अहिराणीत प्रश्न विचारावेत : तुझा वीर झोपतो कुठे, खातो काय, भितो कोणाला? मुलाने उत्तर इंग्रजीत द्यावे व शेजारच्या मुलाने ते आईबापांस समजावून सांगावे. या प्रश्नांची उत्तरे पाठ करता येत नाहीत, हे पालकांच्याही लक्षात येते.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत या उपक्रमाची नोंद करताना ‘इंग्रजीत गोष्ट सांगतो’ असे मोघम लिहू नये. मुलाने स्वतः केलेले एक वाक्य जसेच्या तसे, चुकीसह, तारखेनिशी उतरून घ्यावे. सहामाहीनंतर त्याच मुलाचे दुसरे वाक्य त्याखाली लिहावे. जे मूल अद्याप बोलतच नाही, त्याने आपल्या चित्रातील वीराकडे बोट दाखविले व दुसऱ्याने वाक्य म्हटले, तर तीही नोंद घ्यावी. पुढील भेटीच्या वेळी मी या नोंदी पाहीन, आणि शक्य झाल्यास त्या मुलांकडून त्यांच्या वीरांची हकीकत ऐकेन.